लेण्यात माणसं सोडण्याआधी

देवगिरीच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यात वर चढणाऱ्या काळोख्या बोगद्यात, शत्रू शिरलाच, तर वरच्या तोंडाशी शेगडी पेटवायची आणि सगळा धूर खाली बोगद्यात सोडायचा, अशी सोय किल्लेवाल्यांनी करून ठेवली होती. तलवार उपसायचीही गरज नाही. कोंडलेली हवा माणसाला आडवं करते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज त्याच किल्ल्यावर, वेरूळ-अजिंठ्याला, धाराशिव आणि खरोशाच्या लेण्यांत, नळदुर्गच्या पाणीमहालात आपण रोज माणसं आत सोडतो आणि सगळी धड बाहेर येतील असं गृहीत धरतो.

या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. तुम्ही पहारेकरी असा, मार्गदर्शक असा, तिकिटावर बसत असा, नाहीतर गावातली बारव साफ करून लोकांना दाखवायचं मनात असलेलं तरुण मंडळ असा. जागा वेगळ्या असल्या तरी काम एकच: आतली हवा, ओल, दगड आणि गर्दी यांच्यावर रोज नजर ठेवायची आणि ती वहीत उतरवायची. वही दोनशे पानी, रेघांची. मोबाइलवर नोंद ठेवणार असाल तर ठेवा, पण वही हवीच. आत मोबाइलला रेंज नसते आणि संध्याकाळपर्यंत चार्जिंगही राहत नाही.

जागा कुणाची, ते आधी विचारा

अजिंठा, वेरूळ, देवगिरी ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ठिकाणं. काही किल्ले आणि लेणी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत, आणि गावातली बारव बहुतेक वेळा ग्रामपंचायतीची नाहीतर कुणाच्या तरी शेतातली. केंद्राच्या स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. तिथे भिंतीला खिळा तर सोडाच, चिकटपट्टीसुद्धा परवानगीशिवाय लावायची नाही. मीटर टांगायचा, भेगेवर खूण करायची, दिवा हलवायचा, सगळ्याला लेखी परवानगी लागते. खात्याची विज्ञान शाखा याच कामासाठी आहे. त्यांचं माणूस पाहणीला आलं की त्याच्या मागे मागे फिरा. आठ दिवसांच्या प्रशिक्षणात जे कळत नाही ते तिथे एका फेरीत कळतं.

रिकामी फेरी

पहिल्या दिवशी माणसं आत नसताना फिरा. एकट्याने नाही, दोघांनी. प्रत्येकाजवळ दोन बॅटऱ्या आणि तिसरा मोबाइलचा उजेड. तीन उजेड हा भुयारात उतरणाऱ्यांचा जुना नियम आहे, आणि तो का आहे ते एक बॅटरी विझून दुसरी पाण्यात पडली की आपोआप समजतं.

कागदावर हाताने नकाशा काढा. सुंदर काढायची गरज नाही. डोकं कुठे आपटतं, कुठली पायरी उंच आहे, कुठे उतार ओला, मोबाइलची रेंज कुठे जाते आणि कुठे परत येते, हे सगळं लिहा. पायऱ्या मोजून ठेवा. अंधारात घाबरलेल्या माणसाला ‘अजून थोडं’ म्हणून चालत नाही. ‘अजून अकरा पायऱ्या’ म्हटलं की त्याचा पाय उचलतो.

मग जागेचा स्वभाव ठरवा. समोरून सताड उघडं लेणं असेल तर ओसरीत हवा खेळते, पण मागच्या गाभाऱ्यात ती साचतेच. दोन तोंडांचा बोगदा असेल तर हवा एका बाजूने येते, दुसरीकडून जाते. कुठल्या बाजूने, ते मात्र ऋतूप्रमाणे उलटतं, म्हणून उदबत्तीचा धूर धरून बघा (रंगकाम असलेल्या लेण्यात उदबत्ती नको, रेशमाचा धागा पुरतो). आणि सगळ्यांत वाईट जागा म्हणजे एकच तोंड, खाली उतरत जाणारी, तळाला पाणी नाहीतर कुजका पाला. आड, जुन्या बारवेचा बंद कप्पा, किल्ल्यातलं बुजलेलं तळघर. अशा जागेत मीटर आधी जातो, माणूस नंतर.

हवा

इथे थोडं थांबून वाचा, कारण चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा माणसासाठी नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेर साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाखांत ४२० भाग. आपण सोडतो त्या श्वासात तो चाळीस हजारांच्या घरात असतो. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ५,००० पीपीएम ही मर्यादा मानतात.

बाजारात जो ‘चार गॅसचा मीटर’ मिळतो तो ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि जळणारे वायू दाखवतो. कार्बन डायऑक्साइड त्यात बहुतेक वेळा नसतो! दुकानदार हे सांगत नाही आणि नवखा विचारत नाही. श्वासाने आणि कुजण्याने हवा बिघडते तेव्हा ऑक्सिजन जेवढा घटतो, जवळपास तेवढाच हा वायू वाढतो. म्हणजे ऑक्सिजन २०.९ वरून २०.४ वर आला, तर मीटर गप्पच राहणार, पण कार्बन डायऑक्साइड तोवर ५,००० च्या आसपास पोचलेला असणार. म्हणून त्याचा मीटर वेगळा घ्या. आणि ऑक्सिजनच्या आकड्यात अर्ध्या टक्क्याची घट दिसली तरी कान टवकारा.

मीटर बाहेर, मोकळ्या हवेत सुरू करायचा. तिथे ऑक्सिजन २०.९ दाखवत नसेल तर आत न्यायचाच नाही. आत तीन उंचीवर माप घ्यायचं: घोट्याशी, कमरेशी, डोक्याशी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. मोठ्या माणसाला काही जाणवत नाही आणि त्याच्या बोटाला धरून चालणारं पोर मात्र चिडचिड करायला लागतं, हे मी पाहिलंय. प्रत्येक उंचीवर दोन मिनिटं थांबा. मीटरला हवा ओळखायला वेळ लागतो, चालता चालता घेतलेलं माप म्हणजे मागच्या वळणाचं माप. खाली उतरत्या जागेत मीटर दोरीने सोडा, दोन मिनिटं ठेवा, वर ओढा आणि त्याने नोंदवलेला सर्वांत वाईट आकडा बघा.

माझी पहिली चूक सांगतो. कार्बन डायऑक्साइडचा नवीन मीटर हातात आला त्या आठवड्यात मी गाभाऱ्यात बसून आकडे लिहीत होतो. सहाशे, आठशे, अकराशे. घाबरून बाहेर पळत आलो आणि फाटकाजवळच्या जुन्या पहारेकरी मामांना म्हटलं, ‘मामा, लेणं बंद करायला पाहिजे.’ मामा माझ्यासोबत आत आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘आरं, मशीन नाकाखाली धरून बसायलास, तुझाच श्वास मोजायलीय ती.’ तेव्हापासून मीटर हातभर लांब, तोंड दुसरीकडे, आणि माप घेताना बोलायचं नाही.

विहिरीवर कंदील सोडून बघायची रीत आपल्याकडे आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरंच, पण न विझला म्हणून उतरावं असं मात्र नाही. ज्योत विझते ती ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आल्यावर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. कुजक्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला कळत नाही. जळणारा वायू साठला असेल तर कंदीलच घात करतो. सडक्या अंड्यासारखा वास आला की मागे फिरा. वास येऊन अचानक थांबला, तर ते जास्त वाईट: शंभर पीपीएमच्या आसपास हा वायू नाकच बधिर करतो. भुयाराच्या तोंडाशी जनरेटर किंवा पाण्याचं इंजिन कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

आता गर्दीचा हिशेब. एक माणूस तासाला साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड आणि पन्नास ग्रॅम वाफ सोडतो. चाळीस जणांची तुकडी पंधरा मिनिटं आत राहिली तर दोनशे लिटर वायू आणि अर्धा लिटर पाणी. ६५ फूट लांब, तेवढंच रुंद आणि २० फूट उंच दालन धरा. एका तुकडीने आकडा ऐंशी-नव्वद पीपीएमने वाढतो, म्हणजे काहीच नाही. पण दिवाळीच्या सुटीत एका तुकडीची शेपटी बाहेर पडायच्या आधी दुसरीचं डोकं आत असतं, आणि तासाला चारच्या जागी आठ तुकड्या होतात. आमचा साधा नियम असा: हजार ओलांडले की पुढची तुकडी पाच-दहा मिनिटं बाहेर थांबवायची. लोक कुरकुरतात. त्यांना सावलीत उभं करून लेण्याची गोष्ट सांगायला सुरुवात करा, बाहेर ऐकून मग आत बघितलं तर उलट बरंच कळतं.

ओल

त्या अर्ध्या लिटर पाण्याकडे परत येऊ. माणसाला त्याचं काही नाही, भिंतीला आहे.

अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. मातीच्या गिलाव्यात भुसा, तंतू असे सेंद्रिय पदार्थ आहेत, आणि ओल धरली की बुरशी आणि किडे त्याच्यावर पोसतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे किडीचा उपद्रव अजिंठ्यापेक्षा कमी का, याचं एक कारण त्यात दिलं होतं. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमाराला, अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून जाणकार आणले होते. त्यांनी गिलावा धरून ठेवला हे खरं, पण वर दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडत गेलं आणि ते काढायचं काम नंतरच्यांच्या गळ्यात आलं. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि माणसांच्या श्वासाने भिंतीवर हिरवं धरलं म्हणून १९६३ मध्ये बंद करावी लागली. पंधरा वर्षं पुरली.

ओल मोजायला भारी यंत्र नसलं तरी चालतं. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा नोंदयंत्राचा डबा आणि लांबून तापमान सांगणारी ‘गन’ एवढ्यावर भागतं. बघायचं हे: हवेतली वाफ किती तापमानाला पाणी होते आणि भिंत त्याच्यापेक्षा थंड आहे का. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दव २४ अंशांच्या आसपास धरतं. भिंत २३ अंशांवर असली तर भिंतीला घाम येणारच. हे नेमकं मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर घडतं. बाहेर दमट, गरम वारा, आत मे महिनाभर सावलीत राहिलेला गार दगड. लोकांना वाटतं पाऊस झिरपला. पाऊस अजून मातीतसुद्धा मुरलेला नसतो, ते हवेतलं पाणी असतं. खरा पाझर पुढे श्रावणात येतो, बेसॉल्टच्या उभ्या सांध्यांतून, आणि पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस चालू राहतो. दोन्हींचा उपाय वेगळा. पहिल्याला गर्दी कमी करा आणि दमट वारा आत जाईल अशी दारं त्या वेळेपुरती अर्धी लावून ठेवा. दुसऱ्याला वर डोंगरावर चढा आणि पाणी बाजूला नेणारे चर गाळाने भरलेत का ते बघून वरिष्ठांना कळवा. म्हणून वहीत फक्त ‘ओल दिसली’ लिहू नका. कुठल्या उंचीला, थेंब की डाग, आणि आदल्या आठ दिवसांत पाऊस किती, हे लिहा.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. हाताने झटकू नका, त्याच्याबरोबर रंग येतो. फोटो काढा, तारीख टाका, कळवा. दिव्याभोवती हिरवं वर्तुळ धरलं असेल तर दिवा जास्त वेळ जळतोय किंवा फार जवळ आहे. माणसं नसताना दिवा बंद. फ्लॅशला अजिंठ्यात मनाई आहेच. ‘एकच फोटो’ म्हणणारा दिवसात चारशेवा असतो.

अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. तो दिवस मापासाठी सोन्याचा. माणसं नसताना त्याच जागी, त्याच वेळी घेतलेला आकडा हा तुमचा मूळ आकडा. शनिवार-रविवारचं माप त्याच्याशी ताडून बघा, गर्दीने किती भर पडली ते कळेल. जागा आणि वेळ रोज बदलत राहिलात तर वर्षभराचे आकडे रद्दीत घाला.

दगड

भेगा सगळीकडे आहेत, घाबरायचं कारण नाही. भेग उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात केसभर उघडते-मिटते. वर्षभराचं माप नसेल तर ‘भेग वाढली’ असं म्हणता येत नाही. जाणकार भेगेच्या दोन्ही काठांवर काचेची पट्टी बसवून तारीख टाकतात. दगड हलला की काच तडकते. तुम्ही एवढंच करा: दर महिन्याला त्याच जागी उभं राहून, शाळेतली सहा इंची पट्टी शेजारी धरून (टेकवून नाही) फोटो घ्या.

रोज बघायचं ते जमिनीवर. सकाळी झाडायच्या आधी भिंतीच्या पायथ्याशी कपच्या पडल्यात का? जुन्या कपचीवर धूळ असते, कडा मळकट असतात. ताज्या मोडीचा रंग काळसर, स्वच्छ असतो. ताजी कपची दिसली की वर मान करा, खालची जागा दोरी बांधून बंद करा आणि मग झाडूवाल्या मावशींना हाक मारा. सगळं झाडून झाल्यावर पाहणी करणारे मी खूप बघितले. खरोशाची लेणी जांभ्यात कोरलेली. तो दगड भुसभुशीत, तिथे कपच्यांऐवजी लाल चुरा मिळेल, पण नजर तीच.

आपल्याकडे भूकंपाचं नाव काढलं की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. किल्लारीपासून खरोसा काही लांब नाही. हिंगोली-वसमतकडे २०२४ मध्येही हादरे बसले. भांडी वाजतील एवढा हादरा जाणवला तर दुसऱ्या दिवशी तपासणी होईपर्यंत जागा बंद. वरून फोन आला तरी बंद.

पाऊस, मोहोळ, वाघळं

पावसाळ्यात आतल्यापेक्षा बाहेरची वाट जास्त घातक. अजिंठ्याला वाघूर नदी, वेरूळला २९ क्रमांकाच्या लेण्याजवळचा धबधबा, नळदुर्गला बोरी नदी. तिन्ही ठिकाणी पाणी डोंगरातल्या पावसावर येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या की माणसं काठावरून वर घ्या. पाणीमहाल तर धरणाच्या भिंतीच्या पोटातच आहे. तिथे किती पाण्याला आत जाणं बंद, हे पावसाळ्याआधी ठरवून रंगाची खूण करून घ्या. ऐनवेळी ठरवायला गेलात की सेल्फीवाले जिंकतात.

आग्या मोहोळ कड्याला लटकलेलं असेल तर त्याच्याखाली लोकांना थांबवू नका. धूर, ड्रोन, आरडाओरडा, उग्र अत्तर, सगळं बंद. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळायचं, जाळीचं दार असलेलं लेणं जवळ असेल तर आत घेऊन दार लावायचं. हात हवेत फिरवायचे नाहीत. नांगी चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा.

वाघळांच्या लेंडीचा थर असेल तिथे कोरडं झाडू नका. त्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि ती फुप्फुसात बसते. एन-९५ मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, मग ओलं गोळा करा. रंगकाम असलेल्या भिंतीजवळ हे आपल्या मनाने करायचं नाही. पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नका. चावलं तर रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काही झालंच तर

१०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस आणि सगळ्या तातडीसाठी, १०१ अग्निशमन. हे पाठ असू द्या, आणि रेंज कुठल्या दगडाजवळ मिळते तेही नकाशावर असू द्या.

एप्रिल-मे महिन्यात सगळ्यांत जास्त माणसं चक्कर येऊन पडतात ती चढणीवर आणि उन्हातून एकदम आत शिरल्यावर. सावली, ओला रुमाल, शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी किंवा ओआरएस. छातीत दुखतंय म्हणाला तर चालवू नका, उचलून आणा.

पण आडात किंवा खोल कप्प्यात कुणी न बोलता कोसळला, तर त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही. सख्खा भाऊ वर उभा असला तरी त्याला दोघांनी धरून ठेवा. पहिला ज्या हवेने पडला त्याच हवेने दुसराही पडतो, आणि आपल्याकडे विहिरीत एकामागोमाग गेलेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. १०१ ला फोन, वरून पंख्याने हवा सोडा, दोरी आधीच बांधलेली असेल तर ओढा. म्हणूनच उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि वर दोन माणसं, हे उतरायच्या आधीच असावं लागतं.

संध्याकाळी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या माणसांचा आकडा जुळवा. जुळला नाही तर कुलूप लावायचं नाही, पुन्हा आत जाऊन गाभाऱ्यापर्यंत हाक मारायची. मग दिवे बंद करून शेवटचं माप घ्या आणि वेळ लिहा. एवढ्यात वाघळं बाहेर पडायला लागतात. ती दाराच्या जाळीतून निघून जाईपर्यंत दोन पावलं बाजूला थांबा, आणि मग कुलूप घाला.